गोंदलेली नाव

भामरागडला गेले तेव्हा नावेविषयीच्या पुष्कळ कविता मला पाठ होत्या. प्रत्यक्ष नाव मात्र मी कधी हात लावून पाहिली नव्हती. माझे माहेर अमरावतीचे. वडिलांना काव्याचा नाद, म्हणून संस्कृत आणि मराठी कविता मी चालीवर शिकले, आणि त्या कवितांतून नावा सारख्या येत-जात. कुठे ती देहाची असे, कुठे आशेची. ती पैलतीराला तरी लागे, नाहीतर भोवऱ्यात तरी सापडे. तिचे लाकूड कोणते, फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत का शिरत नाही, हे एकाही कवीने सांगितले नव्हते आणि मलाही कधी विचारावेसे वाटले नव्हते.

हे वनखात्यात रेंजर होते. आमचा मुलूख नुकताच मुंबईच्या राज्यात गेला होता, पण त्या रानाला त्याची खबर पोचलेली दिसत नव्हती. आलापल्लीपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, आणि दोन्ही बाजूंना साग. थंडीत सागाची मोठाली पाने गळत. एकेक पान खाली येताना असे वाजे की कोणी दूर बसून वाळकी पत्रावळ उलगडते आहे. आमचा बंगला लाकडी, उंचवट्यावर; खाली तीन नद्या एकमेकींत मिसळत. उन्हाळ्यात त्या खडकांच्या आडोशाने कुजबुजत वाहत. पावसाळ्यात मात्र त्या वाट बुडवून टाकीत आणि पलीकडली गावे दिवाळीच्या तोंडापर्यंत तोडलेल्या फांदीसारखी वेगळी पडत.

गावातले माडिया लोक डोंग्याने नदी ओलांडीत. डोंगा म्हणजे एकाच झाडाचा पोखरलेला बुंधा. त्यात दोन माणसे बसत, तिसऱ्याने श्वास धरावा. आम्ही येण्याच्या आदल्या पावसाळ्यात मिठाची पोती अलीकडच्या काठावरच भिजून विरघळली होती आणि पलीकडच्या गावांनी अळणी जेवण जेवून दिवस काढले होते. त्यानंतर खात्याने ठरवले, इथे एक रुंद, फळ्यांची नाव हवी.

संध्याकाळी नदीकाठच्या बांबूंवर गावाची जाळी वाळत पडलेली असत. त्या ओल्या जाळ्यांना एक तुरट, काळसर वास येई. तो मला ओळखीचा वाटे, पण कुठला ते आठवत नसे. एखादा चेहरा डोळ्यांपुढे यावा आणि नाव ओठांवर येऊ नये, तसे होई.

नाव बांधणारा मिस्त्री माघात आला. फाळणीनंतर पूर्व बंगालातून निघालेला, रायपूरकडच्या छावणीत दिवस मोजत बसलेला माणूस. ज्या नदीच्या काठी त्याच्या बापजाद्यांनी नावा बांधल्या, ती आता दुसऱ्या देशात वाहत होती. गाडीतून उतरताना त्याने हत्यारांची पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. झोपलेले मूल उचलावे तशी ती छातीशी धरूनच उतरला. मागून त्याची बायको उतरली. तिच्या हातात पत्र्याची, काजळलेली, हलवता येण्यासारखी शेगडी होती.

अट सरळ होती. पावसाआधी नाव पाण्यात तरंगली आणि माणसे तिच्यातून ये-जा करू लागली, तर मिस्त्रीला नावाडी म्हणून ठेवायचे आणि काठावर घरापुरती जागा द्यायची. नाही जमले, तर दोघांना परत छावणीत धाडायचे.

त्यांना नदीजवळ एक झोपडी मिळाली. मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा मिस्त्रीची बायको झोपडीबाहेर त्या शेगडीवर भात शिजवीत होती. आत चुलीसाठी कोपरा मोकळा होता. मी म्हटले, "माती मागवून देते, चूल घालून घ्या. वाऱ्यात किती दिवस शिजवाल?"

तिचे बोलणे बंगाली आणि हिंदी यांच्या मधले असे. ते मी माझ्या भाषेत लिहिते. ती म्हणाली, "दिदी, आमच्याकडे चूल जमिनीत खणतात. एकदा खणली की ती उचलून नेता येत नाही. आधी नाव पाण्यात जाऊ दे."

मिस्त्री तसा गरीब स्वभावाचा नव्हता. आपल्या कसबाचा त्याला ताठा होता आणि तो झाकण्याची त्याला गरज वाटत नसे. नावेसाठी सागाचे ओंडके आले तेव्हा तो त्यांच्याभोवती दोनदा फिरला, एका ओंडक्याचा वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मा, ये तो सेगुन है! हमारे देश में इससे ज़मींदार का पलंग बनता है."

आमचा चौकीदार गडचिरोलीकडला, वयाने मोठा. सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याने लगेच तोंड घातले, "त मंग बरं झालं ना! पलंगावर निजूनच नदी पार करू."

नदीकाठी मांडव पडला आणि काम सुरू झाले. करवतीचा लांब, ओढाळ सूर, मग लाकूड तासणाऱ्या वाकसाचे तुटक ठोके, आणि त्यांच्या मागे लोहाराच्या ऐरणीचा आवाज. गावचा लोहार सांधे जोडायचे चपटे लोखंडी आकडे घडवीत होता. ताज्या सागाचा वास साऱ्या काठावर पसरला. त्यात किंचित चामडे होते, किंचित मध, आणि तळाशी तेलाची एक गोडसर चिकटी. मी दुपारची शिवण घेऊन मांडवात जाऊन बसे. गावातली माणसेही येत आणि उकिडवी बसून पाहत राहत. त्यांच्यात गावचा पेरमा असे. पेरमा म्हणजे रानाच्या देवाचे करणारा, गावाच्या वतीने त्याच्याशी बोलणारा म्हातारा. अंगाने वाळलेल्या वेलासारखा, पण त्याने भुवई उचलली की सारा मांडव गप्प होई.

एकदा मिस्त्रीने काठावरच्या डोंग्याकडे बोट दाखवून विचारले, "ये नौका है? ये तो गाय के पानी पीने का कुंड है!"

चौकीदारभाऊंनी ते माडियात उलथून सांगितले, आणि चवीने सांगितले. पेरम्याने पानाची चिलीम तोंडातून काढली, दोन शब्द बोलला, आणि मांडव हसण्याने हलला.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हन्ते, आमचा डोंगा एका झाडाचा हाय. तुही नाव म्हन्जे चिंध्यायची गोधडी. पान्यात टाका उसवला त मंग काय कराचं?"

मिस्त्री उसळला. लोहाराने केलेला एक आकडा उचलून, दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटवून, त्यांच्यावर तो ठोकून बसवला आणि म्हणाला, "बोलो इसको, खींचे." पेरम्याने ओढून पाहिले. सांधा हलला नाही. म्हातारा नुसता म्हणाला, "कोरडी हाय अजून," आणि परत चिलीम ओढू लागला.

असे रोजचे चाले. त्या टोमण्यांत वैर नव्हते. दोन गावची कुस्ती असावी तसे ते होते, आणि मला वाटे, मिस्त्री सकाळी लवकर मांडवात येतो तो थोडासा त्या कुस्तीसाठीही.

फाल्गुनात नावेचा आकार उभा राहिला. पोट रुंद, दोन्ही टोके हलकेच वर उचललेली. संध्याकाळच्या उन्हात ती एखाद्या पालथ्या पडून वर मान उचलणाऱ्या तान्ह्या मुलीसारखी दिसे. आता सांधे मिटवायचे राहिले होते, आणि तिथे काम अडले. मिस्त्रीच्या मुलखात नावेला गाब नावाच्या फळाचा रस पाजतात. हिरवी फळे ठेचून, पाण्यात कुजवून त्यांचा काळा चिकट रस काढायचा आणि लाकडाला हातावर हात देत जायचे. तो रस प्यायलेले लाकूड पाण्याला दार उघडत नाही. मिस्त्रीने वाळूत गाबाचे चित्र काढले, झाडाची उंची हाताने दाखवली, पण ते झाड कोणाच्या ओळखीचे निघाले नाही.

मग एका सकाळी तो बंगल्याच्या पायऱ्या जवळजवळ पळतच चढला. तळहातावर एक हिरवे, गोल फळ. देठाशी चार पाकळ्यांची टोपी.

"मा, ये गाब का भाई है!"

त्याने फळ चिरून माझ्यापुढे धरले. मी जिभेचे टोक लावले मात्र, जीभ जाड घोंगडीसारखी झाली आणि गालांचे आतले कातडे एकमेकांकडे ओढले गेले.

"टेंभरं हाय ते," चौकीदारभाऊ म्हणाले. "तेंदूचं फळ. पिकल्यावर खा, बाई. आता थोबाड आखडून जाईन."

मिस्त्रीला पिकण्याशी कर्तव्य नव्हते. तो टोपी बोटाने चाचपीत होता, बियांच्या ओळी दाखवीत होता. परक्या गावच्या बाजारात फिरताना अवचित आपल्या घराण्याचे नाक घेतलेला माणूस भेटावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. ह्यांनी लगेच परवानगी दिली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नवराबायकोने नदीकाठची तेंदूची झाडे काठीने झोडपली, टोपल्या भरल्या, उखळात फळे ठेचली आणि रांजणात भिजत घातली. काही दिवसांत रांजणातून आंबट, जड, जिभेला नुसत्या वासानेच आवळणारा दर्प येऊ लागला. मिस्त्री त्यात बोट बुडवी, दोन बोटांत तार ओढून पाही आणि स्वतःशीच मान डोलावी.

आणि एका सकाळी ऐरणीचा आवाज आला नाही.

मी आधी कान देऊन वाट पाहिली. मग खाली गेले. मांडवात मिस्त्री एकटा उभा होता. उकिडवे बसणारे कोणी नव्हते. पेरम्याची जागा रिकामी होती. काठावरच्या बांबूंवरून जाळी काढून नेली होती आणि बायका पाण्याला वरच्या उताराने जात होत्या. कोणी ओरडले नव्हते, कोणी भांडले नव्हते. गावाने नुसती पाठ फिरवली होती, आणि ती शांतता उन्हासारखी सरळ डोक्यावर येत होती.

मी चौकीदारभाऊंना गाठले. "भाऊ, आज कोणीच का आलं नाही?"

त्यांनी काही वेळ पागोटे सारखे केले. मग म्हणाले, "बाई, त्यानं हिरवे टेंभरं झोडपले ना. पंडुम झाला नाई अजून."

"पंडुम म्हणजे?"

"नवं फळ आलं का पह्यले अख्ख्या गावानं मिळून रानाच्या देवाले द्या लागते. मंग मानूस हात लावते. तवरक कोनी तोडत नाई. भुकेलं लेकरू बी तोडत नाई, बाई. अन् यानं त झाडंच्या झाडं खरवडून नेले."

"मग आधी सांगितलं का नाही कोणी?"

"सायबाची परवानगी हाय म्हनून सांगत फिरून राह्यला होता तो. मंग कोन बोलन?"

त्या दुपारी मिस्त्री आणि त्याची बायको बंगल्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. हे अस्वस्थ होऊन व्हरांड्यात फेऱ्या घालीत होते. "जंगल सरकारचं आहे," ते म्हणाले, "आणि परवानगी मी दिली आहे. रस तयार आहे ना? तू लावून टाक. नाव नदीपर्यंत ओढायला माणसं लागतील, त्यांना मी हुकूम काढतो. येतील."

मिस्त्रीने मान वर केली नाही. "साहेब, हुकूम से नाव खींच देंगे. नाव में बैठेंगे नहीं."

ह्यांच्या फेऱ्या थांबल्या. ते खरे होते. ज्या नावेत कोणी पाय ठेवणार नाही, ती तरंगली काय आणि बुडाली काय. पण रस टाकून द्यायचा तर दुसरा कुठून आणणार? टेंभरे आता पिवळी पडू लागली होती, पिकल्यावर त्यांच्यात तो तुरटपणा उरत नाही, आणि पंडुम होईतो थांबणे म्हणजे या वर्षीच्या फळावर पाणी सोडणे होते. रसाशिवाय नाव नाही, आणि नावेशिवाय छावणी.

तेव्हा त्याची बायको बोलली. नवऱ्याकडे न पाहता, जणू पायरीशीच बोलत होती. "नव्या तांदळाची मूठ तोंडात टाकलीत म्हणून सासूबाईंनी तुम्हाला वेताने मारलं होतं ना? पाठीवर वळ उठले होते, हे मला लग्नात साऱ्या बायकांनी हसून सांगितलं. इथं आलात तर पाठ कोरी झाली का?"

मिस्त्रीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला आणि मांडवाकडे गेला. ती मात्र बसून राहिली. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत, सोडीत, पुन्हा गुंडाळीत. सकाळपर्यंत काय व्हायचे ते तिला कळले होते, आणि ते तिनेच सुरू केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांजण कावडीला बांधून मिस्त्री आणि चौकीदारभाऊ पेरम्याच्या अंगणात गेले. हेही गेले, आणि मागून आम्ही दोघी. अंगण शेणाने सारवलेले, त्यावर मोहाची वाळती फुले पसरलेली; त्यांचा गोड, मादक, किंचित आंबूस वास सकाळच्या गारव्यात जमिनीलगत रेंगाळत होता. काढून आणलेली जाळी वळचणीला टांगली होती. पेरम्याने बसायला सांगितले नाही. चौकीदारभाऊ मध्ये उभे राहून इकडचे तिकडे करू लागले.

"इचारून राह्यला, झाडाले इचारलं होतं का?"

"नहीं," मिस्त्री म्हणाला.

"मले इचारलं होतं का?"

"नहीं."

"मंग कोनाले इचारलं?"

"साहेब को."

पेरम्याने सावकाश ह्यांच्याकडे पाहिले. "म्हन्ते, सायेब टेंभराचा बाप हाय का?"

अंगणात कोणाची हसायची छाती होईना. पहिले हसले ते हेच. मग सगळे अंगण हसले, आणि त्या हसण्यात काहीतरी सैल झाले.

पेरम्याने विचारले, तुमच्या मुलखात काय करता? मिस्त्री बसला आणि सांगू लागला. अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, नवा तांदूळ येतो. तो दुधागुळात कालवून आधी पितरांना द्यायचा, कावळ्याला द्यायचा, मग घरच्यांनी खायचा. त्याआधी दाणा तोंडात घालायचा नाही. आईने मारलेला वेतही त्याने सांगितला, वळांसकट. पेरमा ऐकत होता. त्याचे डोळे मिस्त्रीच्या ओठांवर होते, जणू भाषा कळत नसली तरी चव कळत होती.

"मंग तुले मालूम होतं," चौकीदारभाऊंनी त्याचे उत्तर आणले.

"मालूम था," मिस्त्री म्हणाला. "ये मालूम नहीं था कि यहाँ भी वही है."

म्हातारा उठला. रांजण उचलायला लावून आम्हाला नदीकाठच्या त्या झोडपलेल्या झाडांकडे घेऊन गेला. तिथे त्याने काही शब्द पुटपुटले आणि मिस्त्रीला खूण केली. मिस्त्रीने रांजण कलता केला. तो दाट, काळपट रस मुळांवर पडला, काही क्षण मातीवर आरशासारखा थांबला, आणि मग जमिनीने तो सावकाश आत घेतला. तो तुरट दर्प एकदा वर उसळला आणि विरला. मिस्त्रीच्या बायकोने डोळे मिटले नाहीत. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती पाहत राहिली.

अंगणात परत आलो तेव्हा पेरम्याची बायको वळचणीखाली मोहफुले निवडीत बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत निळ्या-काळ्या गोंदणाने भरलेले, तोंडात दात थोडे आणि जीभ नवऱ्याहून तिखट. तिने मान न उचलता काहीतरी विचारले.

चौकीदारभाऊ म्हणाले, "म्हन्ते, आता तुही गोधडी काय पिईन?"

मिस्त्रीने रिकामा रांजण खाली ठेवला.

म्हातारीने हातातले फूल फेकले आणि टांगलेल्या जाळ्याकडे बोट केले. या वेळी ती एवढ्या ठसक्यात बोलली की भाऊंनी सांगण्याआधीच मला निम्मे कळले. "म्हन्ते, इतके दिवस आमच्या गावात राहून राह्यला. आमी जाळं काह्यात बुडवतो, इचारलं का एक डाव तरी?"

मिस्त्री जाळ्याकडे गेला. सूत बोटांत चोळले, नाकाशी नेले, मग सगळ्यांसमक्ष त्याने ते चक्क चाटले. त्याचे तोंड आवळले. आणि मी पहिल्यांदाच त्या जाळ्यांच्या इतक्या जवळ उभी होते, म्हणून मलाही तो वास आता पुरता आला, आणि त्याच्यामागून अमरावतीच्या घराची खिडकी, वडिलांची बैठक, पितळी दौत. लहानपणी आम्ही घरीच शाई करीत असू. लोखंडाच्या कढईत हिरडे उकळून.

"हिरडा!" मी मोठ्याने म्हणाले.

म्हातारीने घरातून टोपली ओढून आणली. सुरकुतलेले, पिवळट तपकिरी हिरडे. यांचा मान देवाला थंडीतच देऊन झाला होता. आता ते कोणीही घ्यावेत, कितीही घ्यावेत.

दुसऱ्या सकाळी ऐरण वाजली. मी अंथरुणातच तो आवाज ऐकला, आणि मोजूनमापून पडणारे ते ठोके मला त्या दिवशी एखाद्या वृत्ताहून सुंदर वाटले.

त्यानंतर मिस्त्री बदलला असे मी म्हणणार नाही. डोंग्याला तो कुंडच म्हणत राहिला. पण आता तो प्रत्येक गोष्ट हातात घेण्याआधी म्हातारीच्या अंगणात एक फेरी घाली. हिरड्याचा काढा, सलईचा डिंक आणि मोहाच्या बियांचे तेल एकत्र उकळून त्याने मिश्रण केले. पहिला हात सागाच्या तेलकट अंगावर बसला नाही; पापुद्रे सुटले. गाबाच्या मुलखात सागाची नाव कोणी केलीच नव्हती, तेव्हा त्याच्या बापाकडेही याचे उत्तर नसते. तो पापुद्रा तळहातावर घेऊन अंगणात गेला. म्हातारीने तो नखाने खरवडला आणि सांगितले, "आधी राख घासा." राख घासली. मिश्रण धरले.

आणि मग एक अशी गोष्ट झाली, जी कोणीच योजलेली नव्हती. हिरडा लोखंडाला लागला की काळा-निळा होतो. शाई तशीच होते. नावेचे अंग तपकिरी राहिले, पण जिथे जिथे लोखंडी आकडा होता तिथे तिथे एकेक काळा-निळा ठिपका उमटला. दोन दिवसांत ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी नावेच्या दोन्ही कुशींवरून धावत गेल्या. गाबाने सारे अंगच काळे होते, म्हणून मिस्त्रीने असे कधी पाहिले नव्हते. त्याला तो डाग वाटला. तो ओशाळून पुसायला लागला.

पाण्याला निघालेल्या बायका थांबल्या. एकीने दुसरीला कोपर मारले. पेरम्याची बायको पुढे आली, तिने आपला गोंदलेला हात नावेच्या कुशीला लावून धरला, आणि दोन्हींवरचे ठिपके एकमेकांशेजारी सगळ्यांना दिसले.

"राहू दे म्हनून राह्यली," चौकीदारभाऊ हसत म्हणाले. "म्हन्ते, गोंदल्याबिगर पोरगी सासरी जाते का? आता धाडा हिले."

पंडुम झाला. पेरम्याने रानाला दिले, मग गावाला वाटले, आणि मिस्त्रीच्या तळहातावरही पिकलेली टेंभरे ठेवली. त्याने एक फळ फोडून अर्धे बायकोला दिले. त्या पिवळ्या, मधाळ गराची गोडी माझ्याही जिभेवर आली, आणि फाल्गुनातली ती आखडलेली जीभ मला आठवली. तेच फळ, तेच झाड. मिस्त्री बिया चोखीत म्हणाला, "गाब इतना मीठा नहीं होता." कोणत्याही बाबतीत आपल्या देशाहून इथले चांगले आहे, हे त्याने कबूल केलेले मी ते पहिल्यांदा ऐकले.

मग नाव निघाली. हुकूम कोणी काढला नाही. सकाळी उठून पाहते तो सारा काठ माणसांनी भरलेला. नावेखाली गोल ओंडके घातले, दोर बांधले, एकाने सूर धरला आणि बाकीच्यांनी त्यात खांदा दिला. नाव वाळूवरून करकरत, थबकत, पुन्हा सरकत नदीपाशी आली. पाण्याला लागताच तिचा आवाज बंद झाला. जमिनीवर इतकी जड वाटणारी ती वस्तू पाण्याने एका हाताने उचलून घेतली.

मिस्त्री वल्हे घेऊन उभा होता. काठावरचा कोणी पुढे होईना. ह्यांनी पाय उचलला, पण मिस्त्रीने मानेनेच नको म्हटले आणि पेरम्याकडे पाहिले.

म्हातारा काठी टेकीत पाण्यात उतरला. नावेच्या आत हात घालून त्याने तळ चाचपला, ओल शोधीत असावा तसा. मग चिलीम कमरेला खोचली, आत चढला आणि मधल्या फळीवर मांडी घालून बसला. नाव पलीकडे गेली आणि परत आली. उतरताना तो काय म्हणाला ते कोणी उलथून सांगायची गरज पडली नाही, कारण त्याने बसल्या जागी हात फिरवून तो कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला.

संध्याकाळी मी झोपडीकडे गेले. वरिष्ठांची मंजुरी अजून यायची होती. ती पुढे, पाऊस उंबऱ्यावर आला तेव्हा, मिळाली. मिस्त्रीची बायको आत, त्या मोकळ्या कोपऱ्यात, गुडघ्यांवर बसून जमीन खणीत होती. कपाळावर माती, कोपरावर माती.

"अहो, कागद नाही आला अजून," मी म्हटले.

तिने खुरपे थांबवले नाही. "म्हातारा बसला ना, दिदी."

पेटवायला काडी मी घेऊन गेले होते, पण तिने ती घेतली नाही. पेरम्याच्या घरून खापरीत विस्तव आणला आणि त्या ओल्या, नव्या, जमिनीत खणलेल्या चुलीत ठेवला. सुरुवातीला नुसता धूर झाला. माती तापू लागली तसा तिला भाजणाऱ्या मडक्याचा वास सुटला, आणि त्या धुरात डोळे पुसत आम्ही दोघी हसत बसलो.

श्रावणात वाट बुडाली. पहिल्या फेरीला मिस्त्रीने मीठ नेले. नावेतून परत आला तेव्हा अलीकडच्या गावासाठी राखलेले एक पोते कोरडेच घरी आणले. त्या दिवशी त्याच्या बायकोने मासे केले होते आणि चुलीशी पेरम्याची म्हातारी बसली होती, पाय पसरून, घरच्यासारखी. तिने पोत्यात हात घातला, मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला, बराच वेळ चघळला.

"काय, गोधडी गळते का?" मिस्त्रीने आपल्या मोडक्या माडियात विचारले.

म्हातारीने मूठभर मीठ घेतले आणि उकळत्या मडक्यात आपल्याच हाताने टाकले.